नऊ दहा ते नऊ वीस

सोमवार, २ तारीख
दुकानातून, दुपारी

प्रिय बुटके,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. चष्म्याचं दुकान बरं चाललंय. आईचा खुबा आता पुष्कळ बरा आहे. काठी टेकत ती गल्लीच्या टोकापर्यंत जाते आणि वाटेत भेटेल त्याला माझी गाऱ्हाणी सांगते.

फोनवर मी शब्द फिरवीन, म्हणून लिहितोय.

दोन वर्षांपूर्वी तू परत गेलीस, तेव्हा तिकिटाची एक प्रत आईच्या कपाटात राहिली. निघणार नऊ दहा, पोचणार नऊ वीस. आईने ते वाचलं. चष्मा मीच केलेला, आकडा चुकणार कसा! तुमच्या परदेशातली घड्याळं आपल्याहून दीड तास मागे चालतात, हे तिला कुठून ठाऊक? "दहा मिनिटांवर तर राहते," ती म्हणाली, "टेकते न टेकते तोच उतरते." मला हसू आलं. सांगू नंतर, म्हटलं. मग सांगितलंच नाही.

खरं लिहितो, मला ते सोयीचं होतं. तू तिकडे, आणि दुखणीखुपणी, रुसवेफुगवे सगळे माझ्या गळ्यात. आई पडली तेव्हा तू फोनवर रडलीस, येते म्हणालीस. मी म्हटलं, किरकोळ आहे, येऊ नकोस. आणि आईला सांगितलं, तिला सवड नाही. दहा मिनिटांची सवड नाही, असं तिच्या मनाने घेतलं. तेव्हापासून तुझा फोन आला की ती न्हाणीघरात जाऊन बसते. तिला ऐकू कमी येतं, ही माझी लोणकढी थाप.

परवा तिने तुझा फोटो भिंतीवरून काढून माझ्या हातात ठेवला. "तुझ्या खोलीत लाव. माझ्या नजरेसमोर नको." मग मात्र माझ्याने राहवलं नाही. सगळं ओकलो. अकराशे किलोमीटर. एक तास चाळीस मिनिटं हवेत.

"अकराशे?" तिने दोनदा विचारलं. मला वाटलं, आता काठी पाठीत बसणार. ती रडायला लागली. म्हणाली, "म्हणजे लांब आहे रे माझी पोर. लांब आहे, म्हणून आली नाही." इतकी आनंदलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. माझ्याशी ती अजून बोलत नाही, कामापुरतं सोडून.

आता ठरलं. गुरुवारी, १९ तारखेला, त्याच विमानाने मी तिला घेऊन येतोय. दुकानाची पाटी पुसायला स्टुलावर चढलो तरी माझे पाय लटपटतात, हे तुला माहीत आहे. लटपटू देत. डॉक्टर म्हणतात, जपून न्या. आई म्हणते, नेलं नाहीस तर चालत जाईन.

तुला मला जे काही बोलायचं असेल ते घरी गेल्यावर बोल, एक शब्दही परत करणार नाही. विमानतळावर आधी आईला भेट. मी सामान घेऊन मागे थांबेन, तू हाक मारेपर्यंत.

आजवर तू ज्याला दादा म्हणत आलीस,
तो