ओतिलियाच्या खिडकीतला दिवा

फिदेन्सियोदादा,

तुझं आपलं तेच, "दिवा तिनं लावला, यात माझा काय दोष?" अरे, गाणं मी रचलं होतं. माझा आवाज फाटका, म्हणून ओतिलियाच्या खिडकीखाली तुला गायला उभा केला आणि मी मागं गिटार धरली. दिवा लागला, म्हणजे होकार मिळाला, म्हणून मीच वेड्यासारखा नाचलो. ती खाली आली आणि म्हणाली, "गाणारा कोण? त्यालाच हो म्हटलंय मी."

इथं दूरच्या मळ्यात टोमॅटो तोडताना तेच गाणं ओठांवर येतं आणि जीव नकोसा होतो. तिला ने, दादा, पण लग्नात ते गाऊ नकोस. तेवढं तरी माझं राहू दे.

हे पत्र टाकायची हिंमत नाही. नुसते वाजंत्र्यांसाठी आठशे पेसो पाठवतोय.

तुझाच,
लासारो