ओढ्याकाठचा वरवंटा

१२ एप्रिल

आई सकाळी घरामागच्या, ओढ्याकाठच्या झाडीत फिरायला गेली ती शालीत दगड गुंडाळून परत! लांबट, टोकं गोल, एक बाजू गुळगुळीत. “वरवंटा आहे,” म्हणाली.

इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये वरवंटा?

“मग? पूर्वी इथल्या बायका काय न जेवता राहायच्या?”

झाडी एका कंपनीची आहे, ‘आत येऊ नये’ अशी पाटी आहे, हे सांगितलं. “मला कुठे इंग्लिश येतं!” विषय संपला.

१३ एप्रिल

दिवसभर टकटक. माझ्या नवऱ्याच्या, नकुलच्या टूलबॉक्समधली छिन्नी घेऊन आई डेकवर बसली आणि वरवंट्याला टाकी लावली. “पार झिजला होता गं. कुणी किती वर्षं वाटलंय कोण जाणे.” मग तांदूळ वाटून कच काढली. पाटा म्हणून काउंटरच्या ग्रॅनाइटचा उरलेला तुकडा. लसणाची चटणी — अप्रतिम! नवरोबांनी तीन भाकऱ्या हाणल्या. आई मात्र नाखूश. म्हणे, जोडीचा नाही तो नाही.

६ मे

झाडीच्या जागी डेटा सेंटर होणार, त्याची आज सुनावणी. शेजारची नीना ओढून घेऊन गेली. लोक आवाजावर बोलले, घरांच्या किमतींवर बोलले. मी अर्धं लक्ष फोनमध्ये.

मग डार्लिन नावाच्या एक बाई उठल्या. साठीच्या, इथल्या मूळ लोकांपैकी. हातात कागद नाही. इंग्रज आले आणि शंभर वर्षांत आमची गावं नकाशावरून गेली, म्हणाल्या. त्यांच्या राजाने समुद्रापलीकडे बसून ही जमीन सात सरदारांना वाटून टाकली. (हलवायाच्या घरावर तुळशीपत्र!) “त्या ओढ्याकाठी आमचं गाव होतं. माझी आजी सांगायची.”

कंपनीचा माणूस अगदी नम्र. आमच्या सर्व्हेत तिथे काहीही सापडलेलं नाही, म्हणाला. सुनावणीच्या अध्यक्षांनी सांगितलं — जुनी एक तरी वस्तू जागेवर दाखवा, काम थांबवून खोदून बघू. नाहीतर सप्टेंबरात झाडं तोडायला परवानगी.

मी फोन खाली ठेवला. आमच्या ओट्यावर काय आहे ते आठवलं. पर्स उचलली, घरी आले.

७ मे

नकुलला सांगितलं. “यार, ग्रीन कार्ड प्रोसेसमध्ये आहे. आई व्हिजिटर व्हिसावर, त्यात तो दगड दुसऱ्याच्या जागेत शिरून उचलून आणलेला. कशाला लष्कराच्या भाकऱ्या भाजतेस?”

बरोबर आहे त्याचं. वरवंटा धुऊन कपाटात ठेवला. संध्याकाळी चटणीसाठी आईने परत काढला.

१९ मे

तरी डार्लिनना ईमेल केलीच. फोटोसकट.

२५ मे

डार्लिन आल्या. वरवंटा दोन्ही हातांत घेतला. मग टाकीच्या पांढऱ्या खुणांवर बोट फिरवलं. “हे कोणी केलं?”

आईने, म्हटलं. आमच्याकडे करतात, नीट वाटता यावं म्हणून.

मला वाटलं, भडकतील. हसल्या! “म्हणजे पुन्हा कामाला लावला.” पण लगेच गंभीर. झिजेच्या खुणा गेल्या. आता हा कुठल्याही दुकानातला आहे म्हणतील. जागा तरी नेमकी कळायला हवी. “तुमच्या आईंना विचारा ना, कुठे मिळाला? आसपास काय होतं?”

आई चहाचे कप घेऊन आमच्या तोंडांकडे बघत उभी. माझ्या डोळ्यांपुढे ती पाटी, तो व्हिसा, नकुल.

“आई, त्या विचारतायत, चहात काय घातलंय?”

“गवती चहा, सांग. आणि आलं.”

“तिला आठवत नाही म्हणतेय,” मी डार्लिनना सांगितलं.

लाज वाटली. अजून वाटतेय. वरवंटा त्यांनाच देऊन टाकला. आईने आधी पुसून टॉवेलात गुंडाळला. म्हणाली, असू दे, ज्याचा त्याला गेलेला बरा.

३० ऑगस्ट

आईला डलेस एअरपोर्टवर सोडलं. चटण्या पुन्हा मिक्सरमध्ये.

२२ सप्टेंबर

सकाळी सातपासून मशीन्स. दुपारपर्यंत ओढ्याकडची सगळी झाडं आडवी, वर माती ओढलेली. आईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा फोन खिडकीकडे धरून दाखवलं.

“अगंबाई! मग तो पाटा कुठे ठेवला त्यांनी?”

कुठला पाटा?

“जोडीचा गं! त्या वाकड्या झाडाखाली होता, वरवंटा त्याच्यावरच पडलेला. मधे हा एवढा खोलगट झिजलेला. मला उचलेना, म्हणून पाणी साचू नये इतपत कलता करून ठेवला. त्या बाईंना तेव्हाच दाखवायला नेलं असतं मी — पण त्या बिचाऱ्या चहाचंच विचारत होत्या.”