फांदीला कावीळ

॥ श्री ॥
कर्जत (जि. नगर), ३ डिसेंबर १९७२

ती. सौ. बनुअक्कास,
कानिफनाथचा शि. सा. न. वि. वि.

इकडे माणसं खुशाल आहेत, फांदी मात्र आजारी आहे. सुपारी फुटली त्या दिवशी तुझ्या शेजारणीने, म्हणजे आमच्या होणाऱ्या विहीणबाई केशरबाईंनी, आपल्या दारच्या पांढऱ्या लोंबत्या कर्णेफुलाची फांदी आमच्या मनकर्णेच्या हातात दिली. ही जगवून दाखव, मग लग्नाची तारीख धरू, असं त्या हसत म्हणाल्या. त्या खरंच हसत होत्या का, यावर आमच्या घरात अजून वाद चालू आहे.

झाड विषारी, शेळीने तोंड लावू नये म्हणून घरातच खिडकीशी डब्यात लावून ठेवलंय. आधी झकास फुटलं. आता खालची पानं पिवळी पडली, कडा करपल्या, शेंड्याने मान टाकली. आईने मीठमिरच्या ओवाळल्या. शेजारच्या गोजरबाईने कावीळ ठरवली. गुरांच्या दवाखान्यातले पुंजारामभाऊ पान उलटंपालटं करून म्हणाले, की रवंथ बंद आहे एवढंच खात्रीने सांगता येईल. मनू धड जेवत नाही. फांदी गेली तर सोयरीकही जाईल, हे तिने मनात घेतलंय. सोबत एक पान पाठवतो. केशरबाईंना दिसू देऊ नकोस.

तुझा लोभ आहेच, या वेळी थोडा फांदीवरही असावा.
कानिफनाथ

॥ श्री ॥
राहाता, १५ डिसेंबर १९७२

चि. कानिफनाथास अनेक आशीर्वाद.

पान मिळालं. पिवळंच होतं. पडताळा म्हणून केशरबाईंच्या झाडाचं एक टवटवीत पान चोरून मी लखोट्यात घातलं आणि आठ दिवस फळीवर ठेवलं. तेही पिवळं झालं. तेव्हा लखोट्यातली पानं पाठवणं आता बंद कर.

मी विचारते तेवढं सांग. डब्याला खाली भोक आहे का? मातीत बोट घालून बघितलंस का? पाणी कोण घालतं, किती घालतं? इकडे पाटाला पाणी आलं की आमच्या चिबड वावरातला ऊस असाच पिवळा पडतो, मान टाकतो. बघणाऱ्याला वाटतं तहानलाय, पण तो बुडत असतो. तुम्हा कर्जतकरांना हा रोग ठाऊक असायचं कारण नाही, म्हणून विचारते. मनूला म्हणावं, आधी जेव.

सर्वांस आशीर्वाद, आईस नमस्कार. लोभ आटू देऊ नये.
अक्का

॥ श्री ॥
कर्जत, २० डिसेंबर १९७२

ती. सौ. अक्कास शि. सा. न.

डब्याला भोक नाही. नवाकोरा डालड्याचा डबा, आणि गावात चार दिवसांनी टँकर येतो. अशा दिवसांत न गळणाऱ्या डब्याला भोक कोण पाडतं, तूच सांग. तुझं पत्र वाचून बोट घातलं, तर चिखलात पार आत गेलं. साऱ्या कर्जतात यंदा ओली जमीन तेवढीच असेल.

मग घरातल्या सगळ्यांना समोर बसवलं. मनू आपल्या आंघोळीतलं तांब्याभर राखून घालत होती. तिच्या आईने सकाळचा चहा सोडला होता, पित्त होतं म्हणायची. ते पाणी डब्यात जायचं. आपली आई रात्री उशाशी भरलेला गडू ठेवून तहान न्हाई म्हणायची, तोही डब्यातच. आणि अक्का, खडी फोडायच्या कामावर मी नेतो त्या किटलीतलं अर्धं मीही रोज ओतत होतो. प्रत्येकाला वाटलं, आपल्याशिवाय हिला कोणी नाही.

फांदी खालून काळी पडून मऊ झाली. काल गेली. केशरबाईंच्या झाडाची दुसरी फांदी गुपचूप पाठव असं लिहायला बसलो, तर मनूने टाक धरला. खोटी फांदी घेऊन मी नांदायला जानार न्हाई, असं म्हणाली. तेव्हा हे पत्र त्यांना वाचून दाखव. पोरीसाठी जीव तुटतो, पण तिचं खरं आहे.

लोभ करावा, आणि काय होतं ते लवकर कळवावं.
कानिफनाथ

॥ श्री ॥
राहाता, २ जानेवारी १९७३

चि. कानिफनाथास अनेक आशीर्वाद.

वाचून दाखवलं. पुंजारामभाऊंच्या रवंथासकट जुनं पत्रही दाखवलं. केशरबाई हसून हसून भिंतीला टेकल्या. तुझ्या किटलीच्या ओळीपाशी आल्या आणि त्यांनी पदर डोळ्याला लावला.

अट त्यांच्या ध्यानातच नव्हती. झाड फार वाढतं, म्हणून दर खेपेला छाटून आल्या-गेल्याच्या हातात फांदी देतात आणि तोंडाला येईल ते बोलतात. आता मात्र म्हणाल्या, की आमी पाटाच्या पान्यात म्हशी धुतो, आन् त्या लोकांनी तोंडचं पानी काडून माझ्या काडीला घातलं, मला दुसरी सून बघायची न्हाई. लग्न माघात, इथेच, त्यांच्या दारात.

नवी फांदी त्या लग्नातच मनूच्या हातात देणार आहेत. डबा तूच आण, तळाला खिळ्याने चार भोकं पाडून. आणि त्यांनी बजावून सांगितलंय, कर्जतच्या वऱ्हाडाने इथल्या एकाही झाडाला पाणी घालायचं नाही. स्वतः मात्र पोटभर प्यायचं.

वाट पाहते. लोभ वाहता ठेवावा, साचवू नये.
तुझी अक्का