मातृभाषेच्या तासाला मागचे टेबल

बुओना व्हिस्टा, सिंगापूर
६ जुलै २०१४

तीर्थरूप पद्माकर भावोजींना शुभदाचा नमस्कार. (वाकून केला असे धरून चाला. इथे आल्यापासून गुडघे माझे ऐकत नाहीत, घरातल्या बाकीच्यांसारखेच.) तुमचा खोकला कसा आहे? काढा स्वतः घेता, की नुसता दुसऱ्यांना सांगता? तुमचे धाकटे बंधू गेल्यावर "मुलाकडे जा, सुखात राहशील" असे मला सांगणारे तुम्हीच, म्हणून ते सुख तुम्हालाच सविस्तर कळवते आहे. आधीच सांगते, मी दमले आहे. ऑगस्टमध्ये पुण्याला परत येईन म्हणते. माझ्या खोलीत तुम्ही रचलेले वर्तमानपत्रांचे गठ्ठे तेवढे हलवून ठेवा.

तुमची नात इशिता इथल्या सरकारी शाळेत दुसरीत आहे. शाळा स्वच्छ, शिस्तीची, माझ्या कॉन्व्हेंटची आठवण यावी अशी. (तुम्ही मराठी शाळेचे हेडमास्तर, लगेच नाक मुरडू नका.) इथे प्रत्येक मुलाला मातृभाषा शिकावीच लागते, आणि ती कोणती हे आई कुठली भाषा बोलते यावर नव्हे, मूल कुठल्या वंशाचे यावर ठरते. चिनी असाल तर मँडरिन, मलय असाल तर मलय, भारतीय असाल तर तमिळ. तमिळ नसलेल्या भारतीयांसाठी हिंदी आणि आणखी चार-पाच भाषांची सोय आहे, त्यात मराठी नाही. देवदत्तने लेकीला हिंदी घेऊन दिली, आपल्याला काय, सोपी आहे म्हणून. पहिल्याच परीक्षेत पोरगी जेमतेम पास झाली. शनिवारच्या हिंदीच्या बाईंनी सांगितले, घरी हिंदी बोला. झाले! रॅफल्स प्लेसच्या बँकेतून घरी आल्याबरोबर देवदत्तने फर्मान काढले, आजपासून घरात मराठी बंद.

भावोजी, तुम्ही ती जेवणे पाहायला हवी होती. अस्सल पुणेकर माणसे टेबलाभोवती बसून एकमेकांना "भेंडी लेंगे आप?" विचारताहेत. प्रणिता, म्हणजे सूनबाई, सिनेमातल्या आईसारखी गळा दाटून बोलते. माझे हिंदी आयुष्यभर भाजीवाले आणि रिक्षावाले यांच्याशी भांडण्यापुरतेच वापरलेले, त्यामुळे मी नातीला दूध प्यायला सांगितले तरी भाव पाडून मागितल्यासारखे वाटते. शेवटी मी गप्प बसायला लागले. (हसू नका.) एकदा स्वयंपाकघरात कोणी नाही असे पाहून मी इशिताशी हळूच मराठीत बोलले, तर ती म्हणाली, "आजी, मराठी इज नॉट इव्हन अ सब्जेक्ट लाह." (इथल्या इंग्रजीत वाक्याला हे 'लाह'चे शेपूट असतेच.) आणि निघून गेली. त्यानंतर तिने माझ्याशी मराठीचा एक शब्द काढलेला नाही.

आता शाळेचे ऐका. मातृभाषेचा तास रोज असतो. घंटा झाली की चिनी मुले वर्गातच राहतात, मलय आणि तमिळ मुले आपापल्या खोल्यांत जातात, आणि ज्यांची मातृभाषा शनिवारी दुसऱ्या शाळेत असते ती इशितासारखी मुले वाचनालयातल्या मागच्या टेबलावर चिडीचूप बसतात. बाकीची रोज शिकतात, ही रोज बसतात, वर्षानुवर्षे. त्यांच्यावर नजर ठेवायला शाळेला कोणीतरी फुकटचे माणूस हवे होते, आणि प्रणिताने मला विचारल्याशिवाय माझे नाव देऊन टाकले. टेबलावर एक गुजराती, दोन बंगाली, एक सरदारजींची मुलगी, एक कोरियन आणि आमची इशिता. मला सूचना एकच, आवाज होऊ द्यायचा नाही. दोन दिवस मी पाळली. तिसऱ्या दिवशी, घरी तोंडाला कुलूप आणि इथेही कुलूप, हे मला सोसवेना. मी कुजबुजत मराठीतून गोष्ट सांगायला लागले. कंजूष म्हातारा, त्याची खादाड म्हैस, आणि दोघांचीही तोंडे मीच करून दाखवायची. एकाही मुलाला मराठी येत नव्हते आणि सगळी खिदळत होती. इशिता मात्र माझ्याकडे पाठ करून पुस्तकात डोके घालून बसायची.

हळूहळू टेबलावर आणखी एक मुलगी दिसू लागली, जिया मिन. गोरी, चष्मेवाली. तिचा वंश मी विचारला नाही. (या गावात न विचारणारी बहुधा मी एकटीच.) ती चिनी निघाली, आणि मँडरिनचा तास बुडवून येत होती. घरी आईवडील इंग्रजी बोलतात, आजी होक्कियन ही चिनी बोली बोलते, आणि होक्कियन शाळेत चालत नाही, म्हणजे मातृभाषेत नापास व्हायला तीही मोकळी! परवा मँडरिनच्या बाई तिला शोधत आल्या, तेव्हा ती माझ्या साडीमागे टेबलाखाली सापडली.

मला व्हाइस प्रिन्सिपल बाईंकडे नेण्यात आले. कॉन्व्हेंटच्या सिस्टर्सनी शिकवलेल्या इंग्रजीत मी त्यांना ठणकावले, की टेबलावर आणि टेबलाखाली बसलेल्या सगळ्या मुलांचा अपराध एकच आहे, त्यांच्या आज्या चुकीची भाषा बोलतात. आणि छातीवर हात ठेवून सांगितले, की जिया मिन घाबरून आपली आपणच खाली गेली, माझ्या नातीचा यात काडीचा हात नाही. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "आँटी, युअर इंग्लिश सो गुड, आ!" भावोजी, एवढ्या भाषणातून त्यांना तेवढेच मिळाले. गोष्टी बंद झाल्या. भरपाई म्हणून एकवीस जुलैला, 'रेशियल हार्मनी डे'ला, आमच्या टेबलाला स्टेजवर तीन मिनिटे मिळाली आहेत, आपापल्या पोशाखात. वर्षभर गप्प बसा आणि एक दिवस नऊवारी नेसून तीन मिनिटे बोला! इशिता म्हणते, मराठीत बोलले तर सगळे हसतील, मी उभी राहणार नाही. मीही आग्रह धरला नाही. आग्रह धरायला अंगात त्राण लागते.

तेव्हा ऑगस्टमध्ये येते. वहिनींना नमस्कार.

आपली,
शुभदा

ता. क. पत्र लिहायचे खरे कारण राहिलेच. जिया मिन सोबत असेल तर उभी राहीन, असे इशिता काल म्हणाली. जिया मिन तिच्या आजीच्या होक्कियनमध्ये विचारील, ही मराठीत उत्तर देईल. तुम्ही जन्मभर शाळेतली नाटुकली लिहिलीत, तर दोन मुलींचा तीन मिनिटांचा संवाद ताबडतोब लिहा आणि देवदत्तच्या ईमेलवर पाठवा. तलवारी, घोडे, अस्मिता यांतले काही नको. म्हैस चालेल.

ता. क. २. गठ्ठे हलवायची घाई करू नका. कमरेत उसण भरेल.

ता. क. ३. इशिता मागून वाचत होती. (देवनागरी अक्षरे तिला त्या शनिवारच्या हिंदीनेच दिली, तेव्हा हिंदीबद्दल लिहिलेले अर्धे मागे घेते.) तिने जिया मिनच्या ओळीवर बोट ठेवले आणि म्हणाली, "आजी, हे चुकलंय. ती आपली आपण नाही गेली. मीच ढकललं तिला खाली. तिला आणलं पण मीच. तुझी म्हैस दाखवायला."

देवदत्त घरात होता. कोणी हिंदीत काही बोलले नाही. व्हाइस प्रिन्सिपल बाईंना हे कळवण्याची मला गरज वाटत नाही.