मुंगीचं सोंग घेतलेला कोळी

३ मार्च, सकाळ
ओट्यावर साखरेच्या डब्यामागे एक जीव दिसला. सामान्य माणूस त्याला मुंगी म्हणेल. मी घड्याळं दुरुस्त करतो. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय मी कशालाच काही म्हणत नाही. लायब्ररीच्या पुस्तकात स्पष्ट आहे: कोळ्यांची एक प्रजाती मुंगीचं सोंग घेते. पुढचे दोन पाय मिशांसारखे वर धरते, उरलेल्या सहांवर चालते. मोजलं. चालायचे सहा, मिशा दोन. एकूण आठ. म्हणजे कोळीच!

४ मार्च
अजून सापडले. पुष्कळ. पुस्तक म्हणतं, हा कोळी मुंग्यांच्या आसपास पण चार हात लांब राहतो, आणि एकटा. माझे रांगेत चालतात. म्हणजे प्रजातीच नवीन! नाव माझंच लागणार.
ही म्हणाली, पावडर टाकते. पावडर माळ्यावर लपवली.

७ मार्च
मेव्हणा आला. म्हणाला, दाजी, ही अगदी मुंगी दिसते हो. म्हटलं, तिथेच तर त्याची कला आहे. पुस्तकातल्या फोटोतला लगेच ओळखू येतो. कच्चा नट.
ठराव: अडाण्यांशी वाद घालायचा नाही. (पाऊण तास घातला.)

९ मार्च
नमुने दुकानात स्क्रूच्या डबीत ठेवले. झाकण सैल निघालं, यात माझी चूक नाही. गिऱ्हाईक घड्याळ घेऊन परत आलं. म्हणे, सेकंदकाटे दोन झालेत आणि एक उलटा फिरतो.

१२ मार्च
कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या बाई रविवारी येणार. त्यांनी मान्य केलं की नाव पक्कं. फोनवर विचारत होत्या, शिकार कशी करतो? झडप घालून? म्हटलं, छे, साखर नेतो. दोनदा विचारलं, साखर? भारावल्या असाव्यात.
ही म्हणते, रविवारनंतर या घरात ते तरी राहतील नाहीतर मी तरी. बघू. रविवारनंतर हीच फोटोला पुढे उभी राहील.

१५ मार्च, रविवार
बाई आल्या. भिंग नको म्हणाल्या. उभ्याउभ्याच म्हणाल्या, मुंग्या आहेत. मी पाय मोजून दाखवले. म्हणाल्या, काका, त्या खरोखरच्या मिशा आहेत, तुम्ही त्या पायांत धरल्यात. कोळ्याला मिशा नसतातच.
काका! मला!
चहा फिका झाला होता. साखर संशोधनात गेली.

१६ मार्च
ठराव: विज्ञान बंद. पावडर स्वतः काढून दिली, ओटा पुसायला घेतला. रांग सोडून एक मुंगी एकटीच थबकत थबकत चालली होती, वळून माझ्याकडे बघत. फडका नेला तर टुणकन उडी मारून ओट्याच्या कडेला धाग्यावर लोंबकळली. ही ओरडली, अहो, थांबा थांबा, मुंगी कुठे धागा सोडते? आणि तिने वर धरलेत ते पायच दिसतायत!
म्हटलं, या घरात यापुढे मुंगीचे पाय कोणी मोजायचे नाहीत. मी एकदा फसतो, दोनदा नाही.
फडका मारला. ओटा लख्ख.