पुढच्या काचेचं बटण

१९ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप भाऊजी,

नमस्कार. फोन असताना पत्र कशाला, असं ताई म्हणेल. तिला सांगा, फोनवर मी विषय बदलतो. गेले आठ महिने तेच करतोय.

इकडे सगळे बरे आहेत. धाकटीचे पुढचे दोन्ही दात पडले, त्यामुळे तिला 'स' म्हणता येत नाही. दिवसभर मुद्दाम तसलेच शब्द बोलते आणि स्वतःच हसत बसते. हिची बदली एकदाची रद्द झाली. ताईचा हात कसा आहे? मूठ पूर्ण मिटते का? ती फोनवर 'झकास' म्हणते, पण ताप एकशेतीन असतानाही ती झकासच असायची, तेव्हा तिचं काय धरायचं!

तुम्ही ड्रायव्हिंग स्कूलची पाटी उतरवलीत आणि शिकवायचं लायसन्स कचेरीत परत करून आलात, हे तिच्याकडूनच कळलं. "स्वतःच्या बायकोला धड नेता आलं नाही, लोकांच्या मुलाबाळांना काय शिकवू?" असं म्हणालात म्हणे. एकतीस वर्षं, भाऊजी. अर्धं गाव तुमच्या हाताखालून गेलं. मी स्वतः तुमच्याकडे शिकलो. "क्लच म्हणजे सासरा, एकदम सोडायचा नसतो," हे वाक्य माझ्या कानात अजून आहे. ताईचा फोन ठेवला आणि तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही.

मी नक्की काय काम करतो, असं तुम्ही एकदा विचारलं होतं. मी हसण्यावारी नेलं. आज नीट सांगतो. गाडीत बसल्यावर माणसाचा हात जिथे जिथे जातो, तिथे काय असावं हे मी ठरवतो. गिअर, आरसे, गरम हवा, काचा, आवाज. चामडं कुठे आणि लाकूड कुठे हे लोकांना दिसतं. बटण कुठे आहे ते दिसत नाही, ते फक्त सापडतं. किंवा सापडत नाही.

तुमच्याकडे जी गाडी होती, तिच्या वेळी वरून एकच हुकूम होता: समोर काही दिसता कामा नये. बटणं म्हणजे स्वस्तातली गाडी. महागडी गाडी कशी, स्वच्छ, शांत, या दारापासून त्या दारापर्यंत एकच लांब काच. तो हुकूम मला आवडला होता, हे खरं. मी एकेक करत चौतीस बटणं काढली आणि दर बटणामागे माझी मान थोडी ताठ होत गेली. पुढच्या काचेवर आतून धरणारी वाफ घालवायचं बटण शेवटी उरलं होतं. तेही काढलं आणि बोटाने चालवायच्या पडद्यात टाकलं. आधी 'हवा', मग 'विभाग', मग 'पुढची काच'. तीन ठिकाणी बोट लावायचं. आमच्याकडे नव्या गाडीचे मातीचे नमुने घडवणाऱ्या एक बाई आहेत, माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. त्यांनी नमुन्यावर चिमूटभर माती लावून ते बटण पुन्हा उभं केलं आणि म्हणाल्या, "हे एक राहू दे रे, आंधळ्यालाही सापडेल असं." मी नखाने ती माती खरवडून काढली. त्यांच्यासमोर.

त्या गाडीच्या आतल्या भागाला पुढे बक्षीस मिळालं. फोटो तुम्ही पाहिलाच आहे, ताईने तो फ्रिजवर लावलाय. कृपा करून काढायला सांगा.

आता पुढचं.

गाडी बाजारात यायच्या आधी चाचणी होते. खोलीत नुसती सीट, स्टिअरिंग आणि समोर भिंतीवर चालता रस्ता. माणसाला बसवायचं, सांगायचं की वाफ घालवा, आणि त्याची नजर रस्त्यावरून किती वेळ हलते ते मोजायचं. बेचाळीस माणसं बोलावली होती. वयस्कर माणसं कमी पडत होती म्हणून मी तुम्हाला या म्हटलं. तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून आलात, दारावरच्या रखवालदाराला "मेहुण्याचं ऑफिस बघायला आलोय" म्हणालात. तुमचा क्रमांक सदतीस होता.

तुम्ही मध्येच थांबलात, आठवतं? म्हणालात, "अरे, इथे बोटाला काही लागतच नाही. डोळे रस्त्यावरून काढा, असं मी जन्मात कुणाला शिकवलं नाही."

मी म्हणालो, "सवय होईल, भाऊजी."

तुम्ही माझं मन राखायला पुन्हा बसलात. नऊ सेकंद लागले. तुम्हालाच नव्हे, पन्नाशीच्या पुढच्या जवळपास सगळ्यांनाच सात ते दहा लागले. अकरा जण होते. तरुणांना तीनच्या आसपास. सगळे धरले असते, तर चाचणी नापास होती आणि बटण परत लावावं लागलं असतं. म्हणजे समोरचा सगळा भाग पुन्हा, सहा महिने उशीर, आणि माझी चूक सगळ्यांसमोर उघडी.

मी ते अकरा जण यादीतून काढले. शेरा लिहिला: 'पडद्याची सवय नसलेले.' खाली सही केली. उरलेली एकतीस माणसं पास झाली.

वर्षभराने तीच गाडी मी तुमच्या गळ्यात मारली. कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना सवलत होती. तुमची जुनी गाडी चांगली धावत होती, तुम्ही नको नको म्हणत होता, पण मेहुण्याने बनवलेली गाडी दारात उभी राहावी ही माझी हौस. तुम्ही शेजाऱ्यांना बोलावून बोलावून दाखवलीत.

मार्चमधल्या त्या सकाळचं मी तुम्हाला काय सांगणार? तुम्हीच गाडीत होता. बाहेर अवकाळी पावसाचा गारठा, आत तुम्ही दोघं, काचेवर वाफ धरली. तुम्ही एकदा बोट लावलंत, मग दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा लावेपर्यंत पुलाचा कठडा आला. ताईच्या मनगटाची दोन हाडं आणि खांदा. कठडा नसता तर, याच्या पुढे मला विचार करवत नाही.

इस्पितळाच्या व्हरांड्यात तुम्ही त्या तपास अधिकाऱ्याला काय म्हणालात ते मला शब्दन् शब्द पाठ आहे. "माझीच चूक, साहेब. नजर हलली. गाडी उत्तम आहे, हा बघा, यानेच बनवलीय. माझंच वय झालं." एवढं बोलून माझ्या पाठीवर हात ठेवलात. तुमच्या कपाळाला टाके पडले होते आणि धीर तुम्ही मला देत होता. मी मूग गिळून उभा राहिलो.

इथवर तुम्हाला थोडंफार ठाऊक असेल, निदान अंदाज असेल. पण पुढचं नाही. मी नुसता गप्प बसलो असतो तर बरं, असं म्हणायची वेळ आली आहे.

तुम्हाला ड्रेसिंगसाठी आत नेलं, तेव्हा अधिकाऱ्याने मला बाजूला घेतलं. "तुम्ही या गाडीतले जाणकार. गाडीत काही दोष असू शकतो का?" मी नाही म्हणालो. एवढ्यावर थांबायला हवं होतं. ते लिहीत होते आणि मला भीती वाटली की आणखी काही विचारतील. म्हणून आपण होऊन म्हणालो, "भाऊजींना पडद्याची सवय नाही. मी त्यांना आधी सांगितलं होतं, सराव झाल्याशिवाय बाहेर काढू नका."

असं मी कधीच सांगितलं नव्हतं. किल्ली हातात देताना मी म्हणालो होतो, "लगेच चक्कर मारून या!"

अहवालात 'चालकाचा निष्काळजीपणा' हे शब्द माझ्या त्या जबाबावरून आले. तुम्हाला वाटतं ते तुमच्या कबुलीवरून आले. तुम्ही तो कागद घडी करून खिशात ठेवलात आणि त्याच्या जोरावर स्वतःला निकालात काढलंत.

लायसन्सचं कळलं त्या सोमवारी मी आधी मातीच्या बाईंकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी हात धुतले, पुसले, आणि एवढंच म्हणाल्या, "मला कशाला सांगतोस?" बरोबर होतं. तिथून उठून, वाटेत एक काम उरकून साहेबांकडे गेलो, बेचाळीस जणांची पूर्ण यादी टेबलावर ठेवली. साहेब आधी चिडले, मग समजावू लागले, मग दार लावून घेतलं. मी यादीची दुसरी प्रत वाहन सुरक्षा खात्यात आधीच देऊन आलोय, हे कळल्यावर मात्र बसले. बुधवारी मला कामावरून दूर केलं. पुढच्या आठवड्यात शुक्रवारी कंपनीला खात्याचं पत्र आलं, प्रत मलाही: त्या सगळ्या गाड्या परत बोलावून स्टिअरिंगशेजारी खरंखुरं बटण बसवायचं. आणखी किती गाड्यांच्या काचांवर तशीच वाफ धरली असेल, आणि किती माणसं आपलंच वय झालं म्हणून गप्प बसली असतील, हे मला अजून माहीत नाही. खातं शोधतंय.

काल तपास अधिकाऱ्याकडे जाऊन पहिला जबाब खोटा होता, असं लेखी दिलं. त्यांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "सख्ख्या बहिणीच्या नवऱ्यावर?" मी हो म्हटलं. प्रकरण ते पुन्हा उघडतायत. त्यासाठी तुम्हाला एकदा जावं लागेल. माझ्याबद्दल जे वाटेल ते सांगा. फक्त 'माझीच चूक' एवढं पुन्हा म्हणू नका.

'माफ करा' हे लिहायला हात धजत नाही. तुम्ही करून टाकाल, एका मिनिटात, पाठीवर हात ठेवून, आणि ते मला सोसणार नाही. थोडे दिवस रागवा. ताईला पत्र वाचून दाखवा. तिच्या तोंडून शिव्या ऐकायची माझी तयारी आहे. ती 'झकास' म्हणाली तर मात्र मी मेलो.

सोबत लायसन्स परत मागायचा अर्ज आहे. कचेरीत विचारून आलो, परत केल्यापासून महिन्याच्या आत दिला तर परीक्षा द्यावी लागत नाही. बाकी सगळं भरलंय. 'परत करण्याचे कारण' हा रकाना होता, त्यात काय लिहावं सुचेना, मग जे खरं तेच लिहिलं: 'मेहुण्याने खोटं सांगितलं म्हणून.' तुमची सही तेवढी हवी.

तुमच्या पाठीमागे तुमच्यावर चूक ढकलणारा,
ताईचा भाऊ