धोट्याला लावलेले ओठ

३ नोव्हेंबर १९८७
वज्रेश्वरीहून पहिल्या एसटीने भिवंडी गाठली. काळूराम शेठच्या कापडाच्या कारखान्यात मागावरची नोकरी पक्की! दिवसपाळी माझी, रात्रपाळी हारूनची, माग दोघांत एकच. हारून स्वभावाने गोड आहे. त्यानेच धोटा, म्हणजे मागावर इकडून तिकडे धावणारं सुताचं लाकडी घर, भरायला शिकवलं. धोट्यात सुताची कांडी बसवायची, बाजूच्या भोकाला ओठ लावायचे आणि सूत तोंडाने ओढून काढायचं. कांडी संपली की पुन्हा तेच. पहिल्यांदा सूत माझ्या घशातच गेलं. सगळे खो खो हसले, मीही हसलो. जम बसला की धाकट्या भावाला, नामाला, इथे आणीन. त्याचं नुकतंच लग्न झालंय आणि शेतीत भागत नाही.

२१ नोव्हेंबर
पाळी बदलताना धोटा हातात येतो तो ओलाच. मी सदऱ्याला पुसतो आणि ओठ लावतो. किळस येते, पण किळस करणाऱ्याला इथे नवरी म्हणून चिडवतात. हारून फार खोकतो. शेठ सगळ्यांना गूळ वाटतात. म्हणतात, छातीत कापसाची तूस बसते, ती गुळाने निघते. मीही खातो.

९ मार्च १९८८
माझ्याआधी या मागावर चिंधू होता. खोकून खोकून मेला. त्याच्याआधीचा दामूही तसाच. माग तोच, धोटा तोच, आणि मला एकानेही सांगितलं नाही! हारूनला जाब विचारला. तो म्हणाला, "टीबी बोलला की काम गेला, भाई. किसको बोलू?" म्हणजे त्याला माहीत होतं. इतके महिने त्याने मला तोच धोटा — मी त्याची गचांडी धरली. अंगात काहीच उरलं नव्हतं त्याच्या. सोडून दिला.

२ जून
हारूनही खोकून खोकून गेला. शेठने धोटा फडक्याने पुसला आणि माझ्या हातात दिला. मी म्हटलं, सूत ओढायला तारेचा आकडा द्या. तर म्हणे आकड्याने वेळ जातो, तेवढा माग थांबतो. माणूस थांबला तर चालतो हरामखोराला!

२८ ऑगस्ट
सरकारी दवाखान्यात थुंकी तपासली. टीबी. डॉक्टर म्हणाले, थुंकीतून जंतू पसरतात, पण गोळ्या नेमाने घेतल्या तर बरा होशील. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत म्हणे. मला दिसतात. त्या भोकात बसून आहेत, माझ्या ओठांची वाट बघत. आणि तो शेठ गूळ वाटतोय. गूळ!

५ सप्टेंबर
ताप. कामावर गेलो नाही. आमच्या गावची ठकुमावशी घरी निघाली, तिच्याजवळ निरोप दिला — नामाला इकडे पाठवू नका. कारण विचारलं तिने. साधा ताप, म्हटलं. टीबीचं नाव तोंडातून निघेना. नामाच्या सासरी कळलं असतं तर —

८ सप्टेंबर
नामा आलाय. ताप ऐकून आला, वेडा. मला झोप लागली होती, तेवढ्यात शेठकडे गेला. माझी नोकरी जाऊ नये म्हणून — माझ्या जागी — त्याच मागावर —
खोलीतला लडकू आत्ता हसत सांगतोय, "तुजा भाऊस हुशार हाय. पयल्याच ओढीला सूत काडला."

पाय उचलत नाहीत. लडकूला कारखान्यात पळवतो, हे पान फाडून देऊन —
नामा, थुंक. आधी थुंक. मला टीबी आहे. हारूनला होता, मी त्याची गचांडी धरली, आणि तुझ्यापासून मीच लपवलं. फेकून मार तो धोटा काळूरामच्या तोंडावर. ओठ लावू नकोस, नामा, पुन्हा ओठ —